कापसातला खळगा

४ डिसेंबर १९८१, हिंगणी

"तू डोळे मीट, गाव आलं की मी सांगतो." लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात, आर्वीच्या एस.टी.त मला मळमळायला लागलं, तेव्हा ह्यांनी असं म्हटलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली. आज सेलूला गाडी बदलून हिंगणीच्या गाडीत बसलो, तर ह्यांनी तेच वाक्य पुन्हा त्याच सुरात म्हटलं. मागच्या बाकावरची एक म्हातारी फिसकन हसली. मी खरोखरच डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर बोरच्या जंगलाची निळी रेघ होती आणि दोन्ही बाजूंना पांढरी शेतं.

घर गावाच्या टोकाला आहे. विटांचं, साधं, वर कवेलूंचं छप्पर. पुढे ओसरी, मग मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि बाजूला कापसाची खोली. धुरपता नावाची बाई अंगण सारवून वाट पाहत होती. शेतातलं आणि घरातलं दोन्ही तीच बघते. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून ती ह्यांना म्हणाली, "नागपूरची हाय तं काय, मधुभाऊ, हाडं तं आपल्यावानीच दिसते." मला कितीतरी दिवसांनी पोटातून हसू आलं.

कापसाची खोली ह्यांनी मोठ्या अभिमानानं दाखवली. एक दार ओसरीतून, एक मधल्या खोलीतून. भिंतीत वर, छपराखाली एक खिडकी आहे. बाहेरून शिडी लावून वेचलेला कापूस तिच्यातून आत ओततात. अर्धी खोली भरली आहे. म्हणाले, हात घालून बघ. मी कोपरापर्यंत घातला. आतून ऊबदार लागतं, झोपलेल्या मुलाच्या पांघरुणाखाली लागतं तसं.

इथे मी बरी होणार.

७ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंनी रोजनिशी लिहायला सांगितली आहे. रोज चार ओळी लिहा, म्हणजे हे गोळीमुळे वाटतंय, वयामुळे वाटतंय की तुम्हालाच वाटतंय, हे हळूहळू ओळखू येईल, असं म्हणाल्या. त्या कधी ही वही वाचतील म्हणून सगळं नीट लिहिते.

चार वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात फळ्यावर कविता लिहून संपली आणि मला मागे वळताच येईना. मुली वाट बघत होत्या. घंटा झाली, त्या गेल्या, मी तशीच फळ्याकडे तोंड करून उभी. शेवटी शिपायानं ह्यांना फोन केला. तेव्हापासून या लाल गोळ्या. त्यांनी मला वाचवलं, हे खोटं नाही. पण त्यांच्याबरोबर तोंडाला कायमची कोरड आली आणि सगळ्या गोष्टींवर एक पातळसा पडदा. आता वर्षभर पाळीचा नेम नाही, रात्री घामानं उशी भिजते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या सोडायच्या तर घाई नको. अर्धी गोळी कमी करायची, अंगाला सवय होऊ द्यायची, मग पुन्हा अर्धी. त्रास होईल आणि जाईल. शाळेतून बिनपगारी रजा मिळाली. हे मुदतीआधीच नोकरीतून मोकळे झाले होते. मूलबाळ आम्हाला नाही, म्हणून निघणं सोपं गेलं.

शेत मोठ्या दिरांचं, अण्णाजींचं. ते आता समुद्रपूरला मुलाकडे राहतात. मोठ्या जाऊबाई, मनकर्णाबाई, गेल्या मार्गशीर्षात गेल्या. हे तेव्हा सुटी काढून वेचणीसाठी इथेच होते; माझ्या शाळेत परीक्षा चालू होती म्हणून मी येऊ शकले नाही. हृदयाचा झटका आला, असं ह्यांनी सांगितलं. ह्यांची आई लहानपणीच गेली, यांना वाढवलं ते वहिनीनंच. परत आल्यावर कितीतरी दिवस हे नीट जेवत नव्हते. सारखे पाय धूत. ती सवय अजून आहे.

गोळ्या "आपण दोघं मिळून" सोडू, असं म्हणतात. गोळी मी घेते, पण त्या "दोघं"नं बरं वाटलं.

१५ डिसेंबर

पहिली अर्धी कमी केली. मान वळवली की डोक्यात बारीकशी वीज चमकते. दुपारी चूल पेटल्यासारखी ऊब छातीतून कानापर्यंत चढते, मग घाम, मग हुडहुडी. हृदय इतकं धडधडतं की पदर हलताना दिसतो. घाबरायचं नाही. येतं आणि जातं. मी उंबऱ्यावर बसून पाय गार जमिनीला लावते आणि श्वास मोजते.

धुरपताला काही सांगावं लागलं नाही. ती माझ्याच वयाची आहे. "आता तं मजा हाय, बाई," म्हणाली, "इटाळ गेला का बाई गडी होते. देवळात जा, शेतात जा, कोनाच्या बापाचं काई चालत नाई." मग माझ्या घामाकडे बघून पुढे म्हणाली, "गडी व्हाले थोडा घाम तं गाळाच लागते ना!"

ह्यांची एक गंमत. कापूस ओतायच्या आधी हे शिडीवर चढून खिडकीतून आत ओरडतात, "खाली कोणी आहे का?" उत्तर येत नाही. पुन्हा ओरडतात. मग खाली उतरून, ओसरीच्या दारातून स्वतः आत डोकावून बघतात आणि तेव्हाच गाठोडी सोडायला सांगतात. मजूर वैतागतात. मी चिडवलं, उंदरांना एवढा मान कोणी देत नसेल. हे हसले नाहीत.

२२ डिसेंबर

आज दुपारी ऊब येऊन गेली आणि मागून अशी थंडी भरली की दात वाजू लागले. कापसाच्या खोलीत ऊब असेल म्हणून मधल्या खोलीतलं दार उघडलं.

ढीग दाराकडे उतरत येतो, त्या उतारावर कोणीतरी झोपून गेल्याचा खळगा होता. डोकं, खांदा, कंबर, दुमडलेले गुडघे. कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. बाईमाणसाचा, कंबरेवरून कळतं. मला वाटलं, धुरपतानं मस्त डुलकी काढली. मी हसत मागच्या दारी गेले. ती भांडी घासत होती. माझं ऐकून तिचा हात थांबला. "मी नाई जात त्या खोलीत," म्हणाली, "कापूस नाकात जाते." आणि राख घेऊन तेच घासलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली.

हे शेतातून आल्यावर मी दाखवायला घेऊन गेले. खळगा तसाच होता. मी बोटानं दाखवला. हे दारात बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "कुठे काय? मला तर सगळं सपाट दिसतंय."

मी पुन्हा दाखवला. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, दार ओढून घेतलं, कडी लावली. गोळी कमी केल्यानं असं होऊ शकतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, याची ह्यांनी मला आठवण करून दिली. मला तसं काही म्हटलेलं आठवत नाही. पण तेव्हा मी रडतही होते, कदाचित ऐकलं नसेल.

सकाळी पाहिलं तर खरंच सपाट होतं.

३० डिसेंबर

चांगली बातमी लिहिते. डोक्यातल्या विजा थांबल्या! धडधड निम्म्यावर आली. चार दिवस सलग झोप लागली. काल धुरपताबरोबर शेतात जाऊन कापूस वेचला. पराटीच्या बोंडांच्या काट्यांनी बोटं सोलली. "बाईच्या बोटाले खडूची सवय, पराटीची नाई," म्हणून वेचणाऱ्या बायकांनी माझी यथेच्छ थट्टा केली. मी त्यांच्यात बसून भाकरी-ठेचा खाल्ला. कोणाच्या मदतीशिवाय, माझी मी, एवढं पार केलं. चार वर्षांत पहिल्यांदा माझा मलाच अभिमान वाटला.

माझी मी, असं म्हणणं चूक आहे. हे रोज दिवेलागणीला गवती चहाचा काढा स्वतः करून देतात. आलं, गूळ घालून. स्वयंपाकघरात मला येऊ देत नाहीत, "आज तू पाहुणी," म्हणतात. लग्नाला एवढी वर्षं होऊन असं कोण करतं? काढा थोडा कडसर लागतो आणि पिऊन झाल्यावर जिभेचं टोक बधिर होतं; आलं जास्त पडत असेल. तोंडाची कोरड मात्र अजून गेली नाही. गोळ्या कमी झाल्या की ती जाईल असं वाटलं होतं.

९ जानेवारी १९८२

आणखी अर्धी कमी. आता दिवसाला एकच उरली. काहीही त्रास नाही.

आणि आज तो पुन्हा होता.

मी दार उघडायला नको होतं. पण मागे वळून बघायची भीती एकदा माझ्या आयुष्यात येऊन गेली आहे. पुन्हा तिला घरात घ्यायचं नाही, म्हणून उघडलं. तेच अंग, तीच कूस. या वेळी गालाखाली घेतलेल्या तळव्याचीसुद्धा जागा दिसत होती. मी हात लावला. खळगा गरम होता. कापूस गरम असतोच. पण आजूबाजूचा कापूस गार होता.

मी ह्यांना सांगितलं. हे आले, पाहिलं, मान हलवली. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हळूच म्हणाले, नलू, हे गोळ्यांचं आहे. डोळ्यांत पाणी होतं ह्यांच्या.

माझ्या डोळ्यांपेक्षा मी ह्यांच्या डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवते. नेहमीच ठेवला. म्हणून लिहून ठेवते: तिथे काही नाही. तिथे काही नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला गावातल्या बायका बोलावल्या. मधल्या खोलीत सतरंजी घातली होती, तर एकही उंबरा ओलांडेना. सगळ्या ओसरीतच, उन्हात, एकमेकींना खेटून बसल्या. मी आग्रह केला, तेव्हा शेजारच्या कुंताबाई म्हणाल्या, "नको वो, आत गरम होते." जानेवारीत! मी म्हटलं, गरम व्हायचं वय तर माझं आहे. सगळ्या हसल्या, कुंताबाई हसल्या नाहीत. वाण घेतलं, तिळगूळ दिला, आणि जाताना माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "नागपूरले चालली जाजो, माय." मला वाटलं, नव्या पाहुणीला असंच म्हणत असतील.

१८ जानेवारी

सगळं नीट लिहिते.

धुरपता सकाळी खलबत्ता घासत होती. घासता घासता सहज म्हणाली, मधुभाऊंना सांगा, गोळ्या कुटल्यावर खलात पाणी टाकून ठेवत जा, लाल रंग निघत नाही. मी विचारलं, कसल्या गोळ्या? तर म्हणाली, "रोज सांजेले कुटते ना ते, तुमच्या काढ्यात. त्या दिवशी तुमाले खोलीत दिसलं, तवापासून. मले वाटलं, तुमाले ठावं हाय." मग माझं तोंड बघितलं आणि, "अवो, मी काई बोलली नाई हं," म्हणत खल तसाच टाकून बाहेर गेली.

खलाच्या तळाशी तांबूस रेघ होती. बोट फिरवून जिभेला लावलं. कडू. आणि मग तो बधिरपणा.

म्हणजे विजा मी थांबवल्या नव्हत्या. धडधड मी कमी केली नव्हती. शेतातली ती भाकरी, तो अभिमान, सगळं खलात कुटून मला पाजलेलं. मी अर्धी-अर्धी सोडत होते आणि हे दिवेलागणीला ती परत माझ्या पोटात घालत होते. हसत. आज तू पाहुणी.

दुपारभर रडले. मग एक गोष्ट लक्षात आली आणि रडं एकदम थांबलं.

गोळ्या कमी झाल्याच नव्हत्या. तर मग नऊ तारखेला जे दिसलं, ते गोळ्या कमी झाल्यानं दिसलेलं नाही.

२० जानेवारी

दोन दिवस काढा मोरीत ओतला. ह्यांना कळू दिलं नाही. आज पहाटे, उजाडताना, शेजारी अंथरूण रिकामं. मधल्या खोलीतलं ते दार जरासं उघडं होतं.

फटीतून पाहिलं.

हे बनियनवर, कापसाच्या उतारावर गुडघे टेकून बसले होते. समोर खळगा. दोन्ही तळव्यांनी तो सपाट करत होते. डोक्यापासून सुरुवात करून, मग खांदा, मग कंबर. चादरीच्या सुरकुत्या काढाव्यात तसं, सावकाश, हाताला रोजची सवय असल्यासारखं. आणि म्हणत होते, "वहिनी, पुरे आता. झोपा आता, वहिनी."

म्हणजे दिसतं. पहिल्या दिवसापासून दिसतं. माझ्याशेजारी दारात उभं राहून, खळग्याकडे बघत, माझ्या डोक्यावर हात ठेवून —

मी अंथरुणावर येऊन डोळे मिटले. हे आले. पाय धुतल्याचा आवाज आला. बराच वेळ धूत होते.

२१ जानेवारी

आज 'हे' लिहायला हात धजत नाही. मधुकरराव म्हणेन.

धुरपताला शेताच्या धुऱ्यावर गाठलं. ती टोपली उचलून पुढे चालायला लागली. मी म्हटलं, मला वेड लागलंय की नाही, एवढंच मला कळायला हवं. तेव्हा बांधावर बसली.

मनकर्णाबाईंनाही माझ्यासारखंच होत होतं. रात्र-रात्र झोप नाही, घाम, मागून थंडी. दुपारी त्या कापसाच्या खोलीत जाऊन उबेला पडायच्या. घरात कोणाला सांगायच्या नाहीत, लाजायच्या. त्या दिवशी वेचणी मोठी झाली होती. शिडीवरून मजुरांनी गाठोड्यांमागून गाठोडी सोडली. "कापूस पडते तं आवाज नाई होत, बाई. जागं व्हावं तरी कशानं?" मग कापूस दाबायला, आणखी मावावा म्हणून, खिडकीतून आत उतरून मधुकररावांनी तुडवला. पायाखाली काहीतरी लागलं, असं नंतर म्हणाले. त्यांना वाटलं, एखादं पोतं राहिलं असेल आत. म्हणून त्या जागी जास्त तुडवलं.

संध्याकाळी शोधाशोध. विहीर, धरण, जंगल. तिसऱ्या दिवशी मांजर ढिगावर एकाच जागी बसून राहिली, हलेना, तेव्हा कापूस काढला. कुशीवर होत्या. गालाखाली हात.

"साऱ्या गावाले ठावं हाय," धुरपता म्हणाली. "मुद्दाम थोडीच केलं कोनी? म्हून चूप राह्यलो. तुमच्यापुढे बोलू नोका, अशी मधुभाऊनं शपथ घातली होती."

साऱ्या गावाला. एक मी सोडून.

२२ जानेवारी

विचारलं.

गोळ्यांचं कबूल केलं. तू पुन्हा फळ्याकडे तोंड करून उभी राहशील, या भीतीनं दिल्या, म्हणाले. मला राग येईना. मग मी वहिनींचं विचारलं. त्यांचा चेहरा विटेसारखा झाला. अपघात होता, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, अपघातच होता, मी तुम्हाला दोष देत नाही, मी तुमच्याबरोबर त्या खोलीत बसेन, आपण दोघं मिळून रडू. फक्त खळगा तुम्हालाही दिसतो, एवढं म्हणा.

तिथे काही नाही, म्हणाले.

मी पाहिलं तुम्हाला. पहाटे. ऐकलं.

"स्वप्न पडलं असेल तुला, नलू."

आणि पाय धुवायला गेले.

२३ जानेवारी

आज खळगा सपाट केलेला दिसत नाही. दिवसभर तसाच. ते आता खोलीत जात नाहीत. समुद्रपूरला तार केली म्हणे.

दुपारी दारापलीकडे कूस बदलल्यासारखं — कापसाचा आवाज होत नाही. होत नाही आवाज. तरी कळलं.

मला जाऊबाईंची भीती वाटत नाही. विचित्र आहे. भीती वाटते ती जेवणाची. पाण्याची. ते हसून जे जे पुढे करतात त्याची. सकाळपासून काही घेतलं नाही. नेमून दिलेली एक गोळी मात्र माझ्या हातानं घेतली. तेवढी माझी आहे.

२४ जानेवारी

अण्णाजी आले. ओसरीच्या पुढे आले नाहीत.

भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलू नये, ही इथली रीत. मी चार हातांवर डोक्यावर पदर घेऊन उभी, आणि ते मधुकररावांना विचारताहेत, "त्या जेवतात का? त्यायले झोप लागते का?" मी उत्तर दिलं तर ते ऐकू न आल्यासारखे भावाकडे बघायचे. भाऊ सांगेल ते माझं उत्तर.

भावानं सांगितलं: गोळ्या कमी केल्या, तेव्हापासून हिला नाही ते दिसतं.

मी म्हटलं, कमी झाल्या नाहीत, खल बघा, धुरपताला विचारा. धुरपताला बोलावलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा नवरा, मुलगा, दोघं याच शेतावर. म्हणाली, "मले काय ठावं, मालक. बाई एकल्याच बोलत राह्यते खोलीत."

मग मी वहिनींचं नाव घेतलं. अण्णाजी उठून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. वाटलं, आता बोलतील. ते भावाला म्हणाले, "उद्या जीप आन. नागपूरले दवाखान्यात नेऊन टाक."

टाक.

मधुकरराव मान खाली घालून 'हो' म्हणाले.

२५ जानेवारी

मधल्या खोलीला ओसरीकडून कडी. स्वयंपाकघराकडूनही. कापसाच्या खोलीच्या ओसरीकडच्या दारालाही बाहेरून. विश्रांतीसाठी, म्हणतात. जीप दुपारून येणार.

मधल्या खोलीतून कापसाच्या खोलीत जाणाऱ्या दाराची कडी माझ्या बाजूला. ती मीच काढली. उंबऱ्यावर बसून लिहिते आहे.

खळगा आहे. आज खोल. आणि मी बघत असताना — डोळ्यांदेखत घडतंय, मागाहून नाही — त्याच्या शेजारचा कापूस खाली बसतो आहे. हळूहळू. खांद्याएवढी जागा. मग कंबरेएवढी. कोणी सरकून जागा करून द्यावी तशी.

थंडी वाजते. तिथे ऊब आहे.

ओसरीत तिघं आहेत. चहा पितात. बशीचा आवाज येतो. दारावर थापा मारल्या. बोलणं थांबलं. मधुकरराव दाराशी आलेत — त्यांचा श्वास ओळखते मी, बावीस वर्षं —

दार उघडा म्हणत नाही मी. जीप परत पाठवा म्हणत नाही. दवाखान्यात घाला, जन्मभराच्या गोळ्या एकदम द्या, मी घेईन, तुमच्या हातून घेईन. कडी काढू नका हवं तर. तिथूनच, अण्णाजींना ऐकू जाईल असं, धुरपताला ऐकू जाईल असं, एकदाच — मला ठाऊक आहे तुम्ही म्हणणार नाही — तरी मागते, अहो, एवढं एकदाच म्हणा, की तुम्हालाही —